विहिरीला पाणी पाजणारा खड्डा

मी एक जुना खड्डा आहे. हसलात ना? मला ठाऊकच होतं. मित्रांनो, शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहिता, मोडक्या खुर्चीचं लिहिता, गंजलेल्या सायकलीचंही लिहिता. खड्ड्याला मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही की बाबा रे, तुझं काय? खड्डा म्हटला की तुम्हाला दोनच गोष्टी सुचतात. एक, त्यात पडून पाय मोडणे, आणि दुसरी, तो बुजवून टाकणे. मला बुजवूनही झालं आहे. तेव्हा आज मी जरा रागातच बोलणार आहे, सांभाळून घ्या.

अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या बाजूला एक जुनं गावठाण आहे. बैठी घरं, अरुंद गल्ल्या, नाक्यावर क्रूस. तिथल्या एका उतरत्या अंगणात मी आहे. वर घर, मध्ये मी, आणि माझ्यापासून बारा पावलांवर, खालच्या अंगाला, विहीर. ही विहीर म्हणजे गावठाणाची लाडकी लेक. दगडी काठ, गोडं पाणी. तिचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले, पण तिच्याशी माझं भांडण नाही. ती बिचारी काहीच बोलत नाही. बोलतात ती माणसं.

माझा जन्म चुकून झाला. एकोणीसशे एक्कावन्न साली या घराचे मालक झेवियरबाबा यांनी माड लावायला एक खड्डा खणला. माडाचं रोप शेजारच्या शेळीने एका दुपारी फस्त केलं. दुसरं रोप आणू, आणू म्हणता पाऊस लागला आणि मी तसाच उघडा राहिलो. घराच्या पन्हळीचं पाणी धो धो माझ्यात पडायचं आणि तासाभरात जिरून जायचं. झेवियरबाबा भाताची शेती करणारा माणूस, डोळे जमिनीवर. त्यांनी पाहिलं की एवढं पाणी गिळूनही हा खड्डा भरत नाही. आणि पुढच्या मे महिन्यात, दरवर्षी तळ दाखवणाऱ्या विहिरीत कमरेएवढं पाणी होतं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, देवाची कृपा. झेवियरबाबांनी देवाचे आभार मानले आणि कुदळ उचलली. मला दोन पुरुष खोल केलं, पार मुरुमापर्यंत. तळाला डोक्याएवढे दगड रचले, त्यावर मुठीएवढे, त्यावर खडी, आणि सगळ्यात वर हातभर जाड रेती. पन्हळीचं तोंड माझ्याकडे वळवलं. पावसाच्या पहिल्या दोन-चार सरी मात्र ते पन्हळ बाहेर फिरवून ठेवायचे, कौलांवरचा कचरा धुऊन जाईपर्यंत. मग परत माझ्याकडे. रेती गाळ धरून ठेवायची आणि स्वच्छ पाणी दगडांमधून, मुरुमातून हळूहळू खाली सरकायचं. मला घाई ठाऊक नाही. माझ्यात पडलेलं पाणी वाट काढत काढत जायचं आणि सगळी जमीन गच्च भिजवून मग विहिरीच्या झऱ्यांना लागायचं.

दरवर्षी ईस्टर झाला की झेवियरबाबा माझ्यावरची रेती उपसायचे, घमेल्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि परत पसरायचे. गाळाने तोंड बांधलं की माझा घास खाली उतरत नाही, म्हणून ही दरसालची आंघोळ. त्यांची नात इव्हा चार-पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर बसायची. फ्रॉक ओला करून घ्यायची, रेतीतले शंख वेगळे काढायची आणि आईच्या शिव्या खायची. ते दिवस आठवले की अजूनही मला भरून येतं.

जवळजवळ तीस वर्षं मी न बोलता काम केलं. मान कुणाला मिळाला? विहिरीला. आमच्या या ख्रिस्ती लोकांत एक रीत आहे, उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लुगडी नेसून, डोक्यावर घडे घेऊन, वाजतगाजत विहिरीवर येतात. गाणी म्हणत पाणी शेंदतात, घड्यावर उंबराची डहाळी ठेवतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. गावठाणातल्या कितीतरी पोरी या विहिरीच्या पाण्याने न्हाऊन लग्नाला उभ्या राहिल्या. पाणी मी पाजलेलं, आणि आरती विहिरीची! एकदा तर एका वाजंत्रीवाल्याने माझ्यात पानाची पिंक टाकली. जाऊ द्या. तेव्हा मी तेवढ्याने रुसत नव्हतो, कारण झेवियरबाबांना सगळं ठाऊक होतं आणि एकाला ठाऊक असलं तरी पुष्कळ असतं.

एकोणऐंशी साली झेवियरबाबा गेले. घर त्यांच्या मुलाकडे आलं. गिल्बर्ट त्याचं नाव. माणूस वाईट नाही हो. कारखान्यात पाळीवर जाणारा, घरात पै-पाहुण्याचं करणारा, बायको ल्युसीच्या आणि लेक इव्हाच्या शब्दाबाहेर नसणारा. पण बापाने मे महिन्याच्या उन्हात बसून रेती धुणं हे त्याला लहानपणापासून वेड वाटत आलं होतं. बाप सांगायला लागला की याची पाळीची वेळ झालेली असायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. त्यात घरात नळ आला. सकाळी तासभर का होईना, पण तोटी फिरवली की पाणी. विहिरीची गरज कपड्यांपुरती आणि झाडांपुरती उरली, आणि माझी तर कुणालाच उरली नाही.

रेती धुणं थांबलं. एका वर्षात माझ्या तोंडावर चिकट थर बसला, दुसऱ्या वर्षी त्यात गवत उगवलं, तिसऱ्या वर्षी पाणी साचून डास झाले. मग जो तो नाकाला पदर लावून जाऊ लागला. खरकटं, अंड्यांची टरफलं, तुटकी चप्पल, सगळं माझ्यात. मी घाण झालो, असं सगळे म्हणत. मला घाण केलं, असं कुणीच म्हणेना.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात इव्हाचं लग्न ठरलं. मुलगा वांद्र्याचा, बँकेत कामाला. साखरपुडा लगेच आणि लग्न पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. गिल्बर्टला हुरूप आला. एकुलत्या एक लेकीचं लग्न, उंबराच्या पाण्याला सगळं गावठाण अंगणात येणार, वांद्र्याचे सोयरे येणार, आणि अंगणात ही माती, हा चिखल, हा डासांचा खड्डा? शोभेल का? त्याने ठरवलं, अख्ख्या अंगणाला सिमेंटचा कोबा करायचा. घरापासून थेट विहिरीच्या काठापर्यंत. बायका वाजतगाजत जातील तेव्हा त्यांच्या पायांना माती लागता कामा नये. प्रेमापोटी माणूस काय काय करील, सांगता येत नाही बघा.

कामाला धोंडू आला. धोंडू मूळचा मालवणकडचा, वीस वर्षं गिरणीत घालवलेला. संपानंतर गिरणीचं दार काही उघडलं नाही, तेव्हा गवंडीकाम, खोदकाम, मिळेल ते करायचा. त्याने माझ्यातला कचरा उपसला, फावडं रेतीला लागलं आणि तो थांबला. हाताने रेती बाजूला करून खालची खडी पाहिली. मग विहिरीकडे पाहिलं, वर पन्हळीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"शेट, हो खड्डो बुजवू नका," तो म्हणाला. "कोणीतरी जाणत्या माणसान केलेलो हा. विहिरीचा पाणी ह्येच्यातसूनच जाता."

"काय बोलतोस रे धोंडू! विहिरीला तिचे झरे हायत."

"झऱ्यांक पाणी खंयसून येता?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा गिल्बर्टनेही चढवला. "माझा बाप होता तो जाणता. वेड होतं त्याला. तुला कोबा करायला बोलावलाय का शहाणपण शिकवायला? पोरीच्या लग्नात डास चावतील ना लोकांना!"

धोंडूचं पोट हातावर. त्याने माझ्या तोंडात विटांचे तुकडे भरले, त्यावर माती चोपली आणि वरून सिमेंट ओढलं. कौलांची जुनी पन्हळ काढून तिथे नवा पाइप लागला आणि त्याचं तोंड रस्त्याच्या गटारात. काम संपल्यावर गिल्बर्टने कोब्यावर पाण्याची बादली ओतून पाहिली. पाणी सरळ गटारापर्यंत धावलं. "झकास!" तो म्हणाला. मी खाली अंधारात ऐकत होतो.

त्या वर्षीचा पाऊस मी फक्त ऐकला. चार महिने माझ्या डोक्यावर तो ताड ताड कोसळत होता आणि एक थेंब माझ्या वाट्याला येत नव्हता. सगळं पाणी कोब्यावरून घसरायचं, गटारात जायचं, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत. कुणाचं भलं झालं त्याने? खाडीला पाण्याचा काय तोटा? वरच्या अंगाला भाताची खाचरं होती, तिथे आता चार मजली सोसायटी झाली होती, आणि त्यांनीही सगळ्या आवाराला फरशी घालून वर बोअर मारली होती. म्हणजे जमिनीतून घ्यायचं सगळ्यांनी आणि द्यायचं कुणीच नाही. मी खूप ओरडलो, मित्रांनो. पण खड्ड्याचा आवाज सिमेंटमधून वर येत नाही.

तरी ऑक्टोबरात विहिरीत पाणी दिसत होतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र जाणून होतो. आजूबाजूची जमीन कोरडी होती, विहिरीच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं. फेब्रुवारीत पाणी दोन हात खाली गेलं. मार्चमध्ये दोरीला दोरी जोडावी लागली. ईस्टरला तळाचे दगड दिसले, आणि एप्रिलच्या शेवटी एक बेडूक तेवढा उरला, तोही एके दिवशी दिसेनासा झाला. तीस-बत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

लग्नाला पंधरा दिवस उरलेले. ल्युसीला घास गोड लागेना. "गावठाणातल्या सगळ्यांच्या पोरी आपल्या विहिरीच्या पाण्याने न्हाल्या," ती गिल्बर्टला म्हणाली, "आणि माझीच पोर कोरडी जाणार?"

गिल्बर्टने परत धोंडूला बोलावलं. तहान लागल्यावर विहीर खणणं ही म्हण तुम्ही पुस्तकात वाचली असेल, मी ती डोळ्यांनी पाहिली. धोंडू आणखी दोघांना घेऊन आठ दिवस विहिरीत घाम गाळत होता. सहा फूट खाली गेले. काळा पाषाण लागला, त्याला भेगा पडल्या, पण ओल नाही. धोंडू वर येऊन काठावर बसला आणि कोब्याकडे, बरोबर मी होतो त्या जागेकडे, बघत राहिला. गिल्बर्टने नजर दुसरीकडे वळवली.

मग त्याने जे केलं ते ऐका आणि हसू नका. त्याने टँकर मागवला आणि तो विहिरीत ओतायला लावला! हो, विहिरीत. नळाचं पाणी घड्यात भरलं तर ते नळाचं, टँकरचं भरलं तर ते टँकरचं. पण विहिरीतून शेंदलं की ते विहिरीचं, असा त्याचा हिशेब. धोंडू म्हणाला, "शेट, वरची जमीन सुकी ठणठणीत आसा. हा पाणी ऱ्हवाचा नाय." गिल्बर्ट म्हणाला, "एक दिवस राहू दे रे. एकच दिवस पुरे मना."

शुक्रवारी दुपारी टँकर रिकामा झाला. विहिरीत पुरुषभर पाणी चढलं, ल्युसीने काठावरून डोकावून क्रूसाची खूण केली. पण तहानलेली जमीन लग्नाची तारीख बघत नाही. भेगाभेगांतून पाणी निघून गेलं, आणि लग्नाच्या गडबडीत कुणी परत डोकावलं नाही. त्याची थोडी ओल माझ्या बाजूलाही आली. मला ती नको होती, खरंच सांगतो. ज्या पाण्याची वाट बघत मी वर्षभर अंधारात बसलो, ते पाणी हे नव्हे.

शनिवारी संध्याकाळी वाजंत्री लागली. बायका नटून आल्या, डोक्यावर नवे घडे, उंबराच्या डहाळ्या. गाणं ऐन रंगात आलं होतं. कोब्यावरून एकीच्याही पायाला माती लागली नाही, गिल्बर्टचा तो हट्ट मात्र पुरा झाला. इव्हाच्या मामीने काठावर उभं राहून घडा सोडला. दोरी सरसर गेली, गेली, आणि खालून घडा दगडावर आपटल्याचा आवाज आला. गाणं तिथेच तुटलं. मामीने घडा वर ओढला तर त्याला तडा गेलेला. वाजंत्रीवाल्यांना काही कळेना, ते आणखी थोडा वेळ वाजवत राहिले आणि मग एकेक करून थांबले.

आवाज थांबला म्हणून इव्हा घरातून बाहेर आली. हातांना मेंदी, केस मोकळे. तिने आईचा चेहरा पाहिला, विहिरीत डोकावली, मग अंगणभर नजर फिरवली. चालत येऊन ती बरोबर माझ्या डोक्यावर उभी राहिली.

"पपा, आजोबांचा खड्डा इथेच होता ना?"

गिल्बर्टने तडा गेलेला घडा मामीच्या हातून घेतला.

"मी गेल्या वर्षी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, नुसता वरून झाकलाय. बुजवलात?"

"इव्हा, आज नको," गिल्बर्ट म्हणाला. "लोक हायत."

एक म्हातारी म्हणाली, पलीकडच्या वाडीतल्या विहिरीवर जाऊ. ल्युसी म्हणाली, परक्या पाण्याने माझी पोर न्हाणार नाही. शेवटी काय झालं सांगू? नळ सकाळीच येऊन गेलेला, म्हणून मोरीतल्या प्लॅस्टिकच्या पिंपातलं पाणी घड्यात भरलं. वाजंत्री मोरीच्या दाराशी उभी राहून वाजली. बायकांनी गाणं म्हटलं, पण त्या गाण्यात विहिरीचं नाव येतं तिथे सगळ्याच अडखळल्या. मला शरम वाटली. माझा काय दोष होता, तरीही वाटली.

रविवारी लग्न लागलं. निघताना इव्हा बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मला तुमच्याकडून दुसरं काही नको पपा. तो खड्डा उघडा."

मंगळवारी धोंडू पहार आणि छिन्नी घेऊन आला. कोब्याला भोक पडलं आणि वर्षाने मला ऊन दिसलं. धोंडूने विटा काढल्या, बरबटलेली रेती काढली, दगड हलवून पाहिले. ते शाबूत होते. "ब्येस बांधकाम केलान हा म्हाताऱ्यान," तो स्वतःशीच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं कौतुक केलं होतं, आणि ते मला गाडणाऱ्यानेच! नवी रेती पडली, पाइप गटारातून काढून माझ्याकडे वळवला, कोब्याला माझ्या बाजूला उतार दिला. त्या पावसाळ्यात मी अधाशासारखा प्यालो. वरच्या सोसायटीने जे अडवलं ते अडवलंच, पण आमच्या छपराचं आणि अंगणाचं पाणी मी सोडलं नाही.

शहाऐंशीचा मे आला तेव्हा विहिरीत छातीएवढं पाणी होतं. आता सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटेल. कसलं गोड! शेजारीपाजारी कळशा घेऊन येऊ लागले आणि गिल्बर्ट काठावर उभा राहून प्रत्येकाला सांगू लागला, "सहा फूट खोल मारली ना गेल्या वर्षी, त्याचं फळ हाय." येणाऱ्याजाणाऱ्याला तेच. माझ्यावरच्या रेतीवर वर्षाचा गाळ बसला होता. ईस्टर होऊन महिना झाला तरी तिला कुणाचा हात लागला नव्हता. मी पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, लागली वाट. आणखी दोन पावसाळ्यांत मी परत डासांचा खड्डा होणार आणि परत कुणाच्या तरी लग्नात बुजणार.

अशात इव्हा माहेरपणाला आली. बाप तिच्यासमोर एका पाहुण्याला सहा फुटांचं पुराण ऐकवत होता. पाहुणा गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "पपा, सहा फूट तर माझ्या लग्नाआधीच खणले होते. तेव्हा पाणी कुठे होतं?"

गिल्बर्ट काठावर हात ठेवून उभा राहिला. विहिरीतलं पाणी त्याच्यासमोर होतं आणि जिच्यासाठी ते हवं होतं ती लेक शेजारी उभी होती, आणि त्या दोघांना एका दिवसावर आणणं आता कुणाच्याच हातात नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो घरात गेला, घमेलं आणि फावडं घेऊन आला आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला. हाताने वरची रेती खरवडू लागला.

"इव्हा," थोड्या वेळाने त्याने मान वर न करता विचारलं, "ही किती वेळा धुवायची?"

"पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत," इव्हा म्हणाली आणि पदर खोचून त्याच्यासमोर बसली.

मित्रांनो, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. मी हळू काम करणारा आहे. ज्या मे महिन्यात तुम्हाला पाणी लागेल, त्याच्या आदल्या आषाढात ते माझ्यात पडावं लागतं. नंतर कितीही टँकर आणा, कितीही खोल खणा, कितीही रडा, मी गेलेला पाऊस परत आणू शकत नाही. इव्हाला तिच्या लग्नाचं पाणी मी देऊ शकलो नाही, ते दुःख माझ्या दगडांत कायमचं बसलं आहे. तुमच्या घरातल्या पोरीवर ती पाळी येऊ द्यायची नसेल, तर सगळं अंगण सिमेंटने लिंपू नका. माझ्यासारख्या एकाचं तोंड उघडं ठेवा, आणि वर्षातून एकदा त्याची रेती धुवा.